तारा जुळल्या, अक्षरांचे काय?

संगणकांचे जाळे म्हटले की डोळ्यांसमोर तारा येतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली केबल, भिंतीवरची लुकलुकणाऱ्या दिव्यांची पेटी, अलीकडे तारेवाचून चालणारे वायफाय. दिवा हिरवा झाला की जोडणी झाली, आणि जोडणी झाली की काम झाले, अशी आपली समजूत असते. परंतु तारेवरून जातात ते केवळ शून्य आणि एक. पाठवणाऱ्या यंत्राला त्या शून्य-एकांचा जो अर्थ अभिप्रेत होता तोच अर्थ घेणाऱ्या यंत्राने लावला, तरच काम झाले असे म्हणता येईल. निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांना एकमेकांचे म्हणणे असे जसेच्या तसे कळणे, याला आपण सुसंगती म्हणू. इंग्रजीत यासाठी कंपॅटिबिलिटी असा शब्द आहे.

सुसंगतीचा खरा कस विद्यापीठात लागतो. एखादी बँक सगळ्या शाखांसाठी एकाच जातीची यंत्रे एकदम घेऊ शकते. विद्यापीठाचे तसे नसते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचेच पाहा. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन ते १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा येथील महाविद्यालये आपापल्या ऐपतीप्रमाणे, आपापल्या वर्षी यंत्रे घेतात. शिवाय यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, तर कृषी शिक्षणाचे धागे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहेत. एकाच जिल्ह्यातून तीन विद्यापीठांकडे मजकूर जातो. त्यामुळे यंत्रांची विविधता ही येथे अडचण मानून चालत नाही, ती गृहीतच धरावी लागते.

ही विविधता पचवून काम कसे करायचे, हा प्रश्न यंत्रांच्या बाबतीत फार पूर्वी सुटला. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र तो हाती उत्तर असूनही आपण सुमारे दोन दशके लोंबकळत ठेवला आणि आजही पुरता सोडवलेला नाही. असे का झाले आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचे परीक्षण या लेखात करायचे आहे.

चार केंद्रे, चार निराळी यंत्रे

विद्यापीठांना जोडणारे आर्पानेट हे जाळे अमेरिकेत १९६९ साली सुरू झाले. पहिली केंद्रे चार होती : लॉस एंजलिस आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखा, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. चारही ठिकाणचे संगणक निराळे होते. लॉस एंजलिसला सिग्मा-७, स्टॅनफर्डला एसडीएस-९४०, सांता बार्बराला आयबीएम ३६०/७५ आणि युटाला पीडीपी-१०. यंत्र एका वेळी जेवढे बिट उचलते त्याला त्या यंत्राचा 'शब्द' म्हणतात. या चारांपैकी एकाचा शब्द २४ बिटांचा, दोघांचा ३२ बिटांचा आणि एकाचा ३६ बिटांचा होता. म्हणजे विद्यापीठांच्या जाळ्याचा जन्मच विसंगत यंत्रांमध्ये झाला.

त्यावर दोन उपाय योजले गेले. प्रत्येक केंद्रावर एकसारखे एक छोटे यंत्र बसवण्यात आले. मोठ्या संगणकाने फक्त आपल्या शेजारच्या छोट्या यंत्राशी बोलायचे, आणि लांबचा प्रवास त्या छोट्या यंत्रांनी आपसांत करायचा. आपण पत्र गावच्या टपाल कार्यालयात देतो, ते पुढे कोणत्या गाडीने जाते याची चिंता करत नाही, तसेच हे.

दुसरा उपाय कागदावरचा होता आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचे हे लिहून काढून ते सर्व केंद्रांकडे पाठवले जाऊ लागले. यातले पहिले टिपण लॉस एंजलिसच्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने एप्रिल १९६९ मध्ये लिहिले. या टिपणांच्या मालिकेला त्याने दिलेले नाव होते 'टिप्पणीसाठी विनंती'. नावात हुकमाचा सूर नव्हता. ज्याला चूक दिसेल त्याने ती दाखवावी, सुधारणा सुचवावी, असा तो रिवाज होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसहून स्टॅनफर्डला 'लॉगिन' हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. ते दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करण्यात आला. १ जानेवारी १९८३ रोजी या जाळ्याने टीसीपी-आयपी ही नियमावली स्वीकारली. आजचे इंटरनेट तिच्यावरच चालते.

भारतात विद्यापीठीय जाळ्याची सुरुवात १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 'अर्नेट' या प्रकल्पाने केली. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग हे त्याचे पहिले घटक. या जाळ्यावर आरंभी दोन नियमावल्या शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. एक टीसीपी-आयपी, दुसरी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक पहिलीवर आली. दोन्ही नियमावल्या उघड छापलेल्या असल्यामुळेच त्या ताडून पाहता आल्या आणि एक निवडता आली.

पंचवीस कसे लिहायचे?

विसंगती नेमकी कोठे दडलेली असते, हे विद्यार्थ्यांना सांगायला एक घरचे उदाहरण आहे. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. लिहिताना मात्र दोघेही २५ असेच लिहितात. लिहिण्याचा क्रम ठरलेला नसता तर बाजारात रोज भांडणे झाली असती.

संगणकांत ती झाली. मोठी संख्या साठवताना एका बाइटमध्ये ती मावत नाही, म्हणून दोन किंवा अधिक बाइट वापरावे लागतात. समजा, पहिल्या बाइटमध्ये १ आहे आणि दुसऱ्यात २. काही यंत्रे मोठ्या किमतीचा बाइट आधी धरतात. त्यांच्या मते ही संख्या १ × २५६ + २, म्हणजे २५८. काही यंत्रे लहान किमतीचा बाइट आधी धरतात. त्यांच्या मते ती २ × २५६ + १, म्हणजे ५१३. तारेवर काहीही बिघाड नाही, एकही बिट हरवलेला नाही, तरी उत्तर जवळजवळ दुप्पट येते. १९८० मध्ये डॅनी कोहेन या संशोधकाने या दोन पक्षांना 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या लोकांची नावे दिली. इंटरनेटपुरता निकाल असा लागला की तारेवर मोठा बाइट आधी जाईल. घरात प्रत्येकाने आपल्या रीतीने वागावे, रस्त्यावर मात्र एकच रीत.

अक्षरांचेही तसेच. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. 'अस्की' या संकेतावलीत इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील संकेतावलीत तो १९३ आहे. येथेही उपाय तोच झाला. तारेवर सर्वांनी अस्की वापरायचे, आपल्या घरच्या संकेताचे भाषांतर ज्याचे त्याने करायचे.

या उपायाचा फायदा गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे. चार निराळ्या संकेतावल्या असतील आणि प्रत्येकीचे दुसरीत थेट रूपांतर करायचे असेल, तर ४ × ३ = १२ रूपांतरक लागतात. मध्ये एक सामाईक संकेतावली ठेवली तर प्रत्येकीसाठी दोन, असे ८ पुरतात. संकेतावल्या दहा झाल्या तर थेट मार्गाने ९० लागतील, सामाईक मार्गाने २०. विविधता जितकी जास्त तितकी सामाईक मानकाची गरज जास्त.

मानक नव्हते असे नाही

आता मराठीकडे वळू. 'त्या काळी मराठीसाठी मानकच नव्हते, मग आम्ही काय करणार?' असा युक्तिवाद ऐकू येतो. तो खरा नाही.

भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेतावली करण्याचे काम १९८०च्या दशकातच झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅकने पुढे नेले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती संकेतावली मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिचे नाव 'इस्की'. तिच्या जोडीला 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलकही होता. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी वर्णमालेला धरून केलेली रचना आहे.

इस्कीची कल्पना गुणवत्तेने फार चांगली होती. २५६ क्रमांकांपैकी पहिले १२८ अस्कीसाठी जसेच्या तसे ठेवले आणि वरच्या जागांत भारतीय वर्ण बसवले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एक आहे, हे ओळखून 'क' या वर्णाला सर्व लिप्यांत एकच क्रमांक दिला. लिपी बदलण्याचा संकेत दिला की तोच मजकूर देवनागरीऐवजी तेलुगू अक्षरांत दिसू शके. पांढरकवड्यासारख्या तेलंगणाच्या सीमेलगतच्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जोडाक्षरे साठवायची नाहीत, फक्त वर्ण आणि हलन्त साठवायचे, आकार काढण्याचे काम यंत्राने करायचे, हे तत्त्वही अचूक होते.

दोष नव्हते असे नाही. एकाच मजकुरात तीन-चार लिप्या आल्या की मधले लिपीबदलाचे संकेत सांभाळावे लागत. त्यातला एक हरवला की पुढचा सगळा मजकूर भलत्या लिपीत जाई. आणि आकार काढण्याची करामत करायला त्या वेळच्या डॉस प्रणालीच्या यंत्रात 'जिस्ट' हे खास कार्ड बसवावे लागे. लहान महाविद्यालयाला हा जादा खर्च होता.

फॉन्टाची पळवाट

तेथेच पळवाट निघाली. विंडोज आल्यावर निरनिराळ्या आकारांचे फॉन्ट यंत्रात भरणे सोपे झाले. मग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले. संगणकाला वाटते आपण इंग्रजी अक्षर दाखवतो आहोत, प्रत्यक्षात पडद्यावर मराठी दिसते. कार्ड नको, नवी प्रणाली नको. टंकलेखकांच्या सवयीचा रेमिंग्टन कळफलकही कायम ठेवता आला.

याचा परिणाम एका शब्दावर पाहू. कृतिदेव फॉन्टात 'यवतमाळ' असे टंकित करून ती फाईल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली, तर काय दिसते? एक अर्धविराम, मग इंग्रजी लहान ओ, आर, ई, के आणि शेवटी मोठा जी. फाईलमध्ये साठवलेले क्रमांकही तेच आहेत : ५९, १११, ११४, १०१, १०७, ७१. यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नाहीच. जिल्ह्याचे नाव केवळ फॉन्टाच्या मुखवट्यात होते, मुखवटा काढला की खाली अर्धविराम निघाला.

त्यातही प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांत एकच मराठी अक्षर निरनिराळ्या क्रमांकांवर आहे. म्हणजे आयबीएम आणि अस्की यांचे जे भांडण इंग्रजीत १९६०च्या दशकात होते, तेच आपण १९९०च्या दशकात मराठीत नव्याने उभे केले. आणि वर गणित मांडले त्याप्रमाणे ९० रूपांतरकांच्या वाटेला लागलो.

निर्मात्यांना सगळा दोष देणे अन्यायाचे होईल. छापखान्यांना सुबक अक्षर हवे होते आणि ते त्यांनी दिले. मराठी छपाई संगणकावर आणण्याचे श्रेय त्यांचे आहे. शिवाय सामान्य यंत्रावर देवनागरी योग्य रीतीने दाखवण्याची सोय विंडोजमध्ये २००० साली आली, तोपर्यंत दुसरा स्वस्त मार्ग नव्हता. मात्र छापखान्याची गरज आणि विद्यापीठाची गरज एक नव्हे. छापखान्याला कागदावरचा आकार पुरतो. विद्यापीठाला मजकूर साठवायचा, शोधायचा, क्रमाने लावायचा, दुसऱ्याकडे पाठवायचा असतो. कागदावर छान दिसते म्हणून चालू ठेवलेली ही पद्धत २०००नंतरही सुटली नाही, यासाठी मात्र वापरणारे आणि खरेदी करणारे जबाबदार आहेत. मागणी करताना 'मराठी फॉन्ट' मागितला गेला, 'मराठी संकेतावली' मागितली गेली नाही.

युनिकोडने काय दिले, काय राखून ठेवले

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातल्या प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा देण्याची ही योजना. तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर बेतलेला आहे. म्हणजे आपल्याकडच्या श्रमाचे चीज झाले, पण ते परक्या दारातून परत आले. युनिकोडमध्ये 'यवतमाळ' या शब्दाचे क्रमांक २३५१, २३५७, २३४०, २३५०, २३६६, २३५५ असे आहेत, आणि ते यवतमाळात, नाशकात किंवा टोकियोत तेच राहतात. इस्कीत हा शब्द ६ बाइटांत मावत असे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८. आजच्या साठवणुकीच्या मानाने ही किंमत नगण्य आहे.

तेव्हा युनिकोड वापरले की प्रश्न मिटला, असे अनेक कार्यालयांत मानले जाते. येथेच माझा दुसरा आक्षेप आहे. युनिकोड ही सुसंगतीची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण 'शेतकऱ्यांच्या' या शब्दाचे. यातला ऱ्या दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ (२३५३), मग हलन्त, मग य. दुसऱ्या रीतीत साधा र (२३५२), हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५) आणि मग य. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण शोधयंत्रणेने खबरदारी घेतलेली नसेल तर एका रीतीने शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात शेतीच्या प्रश्नावर मराठीतून लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द पानोपानी लागतो. नेमका तोच शब्द हरवावा, याहून विपरीत काय असेल?

दुसरे उदाहरण 'ॲ'चे. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र क्रमांक (२४१८) २००८ साली मिळाला. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही त्याला स्थान आहे. परंतु त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन (२३०९ आणि २३७३) ते लिहीत, आणि काही जण अजूनही लिहितात. 'ॲमोनिया' आणि 'ॲल्युमिनियम' हे शब्द रसायनशास्त्राच्या मराठी टिपणांत दोन रूपांत साठलेले असणे शक्य आहे.

तिसरे उदाहरण क्रमवारीचे. शाळेत आपण शिकवतो : य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल नंतर लगेच येतो. आता चार आडनावे घ्या : कावळे, काशीकर, कासार, काळे. मराठी वर्णक्रमाने त्यांचा क्रम हाच आहे. केवळ क्रमांकांवरून लावणाऱ्या आज्ञावलीत काळे सर्वांत आधी येईल. युनिकोड संघटनेच्या भाषावार माहितीसंग्रहात मराठीसाठी ळ हा ह नंतर असे नोंदलेले आहे. ती नोंद वापरायची की नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्यावर आणि ती तपासून घेणाऱ्यावर अवलंबून आहे. एका कार्यालयाची यादी एका क्रमाने आणि दुसऱ्याची दुसऱ्या क्रमाने असली, तर परीक्षार्थ्यांची नावे ताडून पाहणाऱ्या लिपिकाचे हाल होतात. त्याच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे युनिकोडवरच चालत असतात.

प्रबंधांच्या कपाटात

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत संशोधनात मोजावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीने प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात ठेवल्या जातात आणि कोणालाही पाहता येतात. योजना उत्तम आहे. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद असे.

परंतु मराठी प्रबंध पीडीएफ स्वरूपात भांडारात गेला म्हणजे तो उघडा झाला, असे नाही. पीडीएफ तीन प्रकारची असू शकते. पानांची छायाचित्रे असतील तर यंत्राला त्यात अक्षर दिसतच नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर असेल तर फॉन्ट फाईलमध्येच बांधलेला असल्यामुळे वाचणाऱ्याला सर्व ठीक दिसते, पण शोध घेतला किंवा उतारा उचलला की खालचे अर्धविराम आणि इंग्रजी अक्षरे हाती येतात. मजकूर युनिकोडमधला असेल तरच शोध लागतो, आणि तेथेही जोडाक्षरे कधी कधी विस्कटतात, कारण पीडीएफ मुख्यतः आकार जपते, वर्णांचा क्रम नव्हे.

परिणाम असा की पुसदच्या किंवा वणीच्या विद्यार्थ्याने चार-पाच वर्षे खपून स्थानिक विषयावर मराठीत केलेले काम कोणाला शोधून सापडत नाही. त्याच विषयावरचा इंग्रजी प्रबंध मात्र चटकन सापडतो. मग 'मराठीत संदर्भच नाहीत' असे आपणच म्हणतो. संदर्भ असतात, यंत्राला ते वाचता येत नाहीत. नियम करणाऱ्यांनी संगणकीय प्रत मागितली, ती वाचनीय आहे का हे तपासण्याची अट घातली असती तर हा दोष आरंभीच टळला असता. ही तपासणी करायला दोन मिनिटे लागतात. प्रबंधातला एक शब्द निवडायचा, शोधाच्या चौकटीत टंकित करायचा आणि तो सापडतो का पाहायचे.

जिल्ह्यातल्या इतर भाषा

यवतमाळ जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटी या भाषा बोलल्या जातात. त्यांची जागा या जाळ्यात कोठे आहे? गोंडीसाठी दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या आहेत. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. गुंजाळा हे गाव पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. मराठीने केलेली चूक या भाषांनी पुन्हा करू नये. त्यांच्या लोककथा, शब्दसंग्रह, गाणी नोंदवताना पहिल्या दिवसापासून प्रमाण संकेतावली वापरली, तर वीस वर्षांनी रूपांतराचा खटाटोप करावा लागणार नाही. या कामात गावातले शिक्षकच पुढे असतात, म्हणून हे सांगणे त्यांनाच उद्देशून आहे.

वर्गात आणि कार्यालयात

वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांकडून पुढील प्रयोग करून घेता येतील. शाळेच्या जुन्या यंत्रावरील एखादी मराठी फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून फॉन्ट बदलून पाहावा आणि काय दिसते ते वहीत उतरवावे. वर्गातील सर्वांची आडनावे मराठीत टंकित करून यंत्राकडून क्रमाने लावून घ्यावीत आणि ळ असलेली नावे कोठे बसली ते पाहावे. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द दोन निरनिराळ्या कळफलकांनी टंकित करून एकाच्या साहाय्याने दुसरा सापडतो का, हे तपासावे. यासाठी खर्च काही नाही. संगणक अक्षर जाणत नाही, क्रमांक जाणतो, हा धडा या प्रयोगांतून पाठांतराशिवाय पक्का होतो.

विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. मराठी प्रबंध स्वीकारताना पीडीएफसोबत युनिकोडमधली मूळ फाईलही घ्यावी आणि शब्दशोधाची चाचणी घ्यावी. जुन्या फॉन्टांतले प्रबंध रूपांतरित करून, माणसाच्या नजरेखालून घालून पुन्हा भांडारात ठेवावेत, कारण रूपांतरक काही ठिकाणी चुकतोच. आणि आज्ञावली विकत घेताना 'युनिकोड चालते' एवढ्यावर समाधान न मानता मराठी वर्णक्रम, ऱ्य आणि ॲ यांची चाचणी करारातच लिहावी.

आर्पानेटच्या चार केंद्रांकडे एकसारखी यंत्रे नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाहीत. नियम लिहून काढले, सर्वांना दाखवले आणि पाळले. पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठालाही यंत्रे एकसारखी करता येणार नाहीत, त्याची गरजही नाही. मराठी मजकूर कोणत्या नियमांनी साठवायचा हे एक पानभर लिहून प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावले आणि प्रबंध स्वीकारणाऱ्या खिडकीवर ते पाळले गेले, तरी कामाची सुरुवात होईल.